श्रियाळषष्ठीच्या दिवशी मिटलेली फिर्याद

पोलीस खात्यातून बाहेर पडून मला काही वर्षे झाली, तरी चेन्नईच्या अड्यारमधल्या त्या जुन्या घराची रिकामी भिंत माझ्या डोळ्यांपुढून अद्याप हललेली नाही. समयांच्या काजळीने ती भिंत वरपासून खालपर्यंत काळवंडली होती. फक्त मधोमध, दोन दारे शेजारी शेजारी उभी करावीत एवढा एक चौकोन स्वच्छ पांढरा राहिला होता. त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या जे टांगलेले होते, त्याच्या चोरीची ही हकीकत आहे. संबंधित माणसे हयात असल्यामुळे मी कोणाचेही नाव देत नाही.

प्रथम माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणाचा उलगडा माझ्याच हातून झाला. मी तंजावरकडचा मराठी. शिक्षण दहावीपर्यंत, परंतु शिक्षण आणि लेखन या भिन्न बाबी आहेत, हे माझ्या हातची फिर्याद ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे. तमिळनाडूत प्रत्येक पोलीस ठाण्यात एक ‘रायटर’ असतो. फिर्यादी, जबाब, महजर, न्यायालयात पाठवायचे अहवाल, हे सर्व त्याच्या हातून जाते. तुमच्याकडे महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात, त्याला इथे महजर म्हणतात. शब्द आपलाच, जुना. निरीक्षक येतात आणि बदलून जातात; रायटर राहतो. सेवेतली बहुतेक वर्षे मी हे काम केले आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर विशेष उपनिरीक्षक या हुद्द्यावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सध्या तालुका कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. अर्जाची विद्याही मी ठाण्यातच शिकलो.

त्या दिवशी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. साठी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. स्वच्छ धुवट वेष्टी, म्हणजे इकडचे धोतर, कपाळावर गंध, हातात इंग्रजीत लिहिलेली लांबलचक तक्रार. मी ती वाचली आणि परत केली. तिच्यात हळहळ भरपूर होती, क्रम कुठेच नव्हता. फिर्याद म्हणजे रडगाणे नव्हे. वस्तू कोणती, होती कुठे, शेवटची कधी दिसली आणि संशय कोणावर, एवढे तिच्यात आले पाहिजे. मी तमिळमध्ये प्रश्न विचारत गेलो. त्यांच्या उत्तरातला एक सूर ऐकून मी मराठीत विचारले, “तुम्ही आमच्यातले काय?” गृहस्थांच्या चेहऱ्यावर एकदम सैलपणा आला. तेही तंजावरकडचेच निघाले. एका सरकारी कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले.

वस्तू होती एक तैलचित्र. माणसापेक्षा उंच आणि जवळजवळ तेवढेच रुंद. फिर्यादींनी फोनवर त्याचे छायाचित्र दाखवले. काळोखी पार्श्वभूमी, आणि एका बाजूने येणारा असा प्रकाश की जणू कोणी नुकतेच दार उघडले आहे. त्या प्रकाशात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, त्याच्या हातात उपसलेला सुरा. पुढ्यात लाकडांच्या रचलेल्या ढिगावर हात बांधलेला एक मुलगा. वरून झेपावलेला एक पंखवाला तरुण म्हाताऱ्याचे मनगट धरून आहे. कोपऱ्यात झुडपात शिंगे अडकलेला एक मेंढा.

मी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ आणला. फिर्यादी म्हणाले, “तुम्हालाही तेच वाटलें ना?”

तेच वाटले. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही तेच वाटेल. राजा श्रियाळ, राणी चांगुणा आणि त्यांचा चिलया बाळ. अतिथीच्या रूपाने आलेल्या शंकराने पोटच्या पोराचे मांस मागितले, आईबापांनी ते रांधले, आणि पाने वाढल्यावर अतिथी म्हणाला की मूल नसलेल्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. आईने दारात जाऊन हाक मारली आणि चिलया धावत आला. श्रावणातली शुद्ध षष्ठी त्या श्रियाळाच्या नावाने पाळतात.

फिर्यादींच्या घराण्याची समजूतही हीच होती. त्यांचे पूर्वज तंजावर दरबारात कारकून. बंदरातून मायदेशी परतणाऱ्या कोणा परक्या माणसाने जहाजात जागा नाही म्हणून हे चित्र मागे ठेवले, आणि कारकुनाने ते पाहताच ओळखले, अशी घरची कथा. तेव्हापासून प्रत्येक श्रियाळषष्ठीला चित्रापुढे पान वाढले जाई आणि मुलाच्या कपाळावर घरची थोरली सून कुंकू लावी. छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्या मुलाच्या कपाळावर कुंकवाचा जाड, काळपट लाल थर दिसत होता. बाकी चित्र रंगाचे आणि तेवढी जागा पुटाची.

आता ते जुने घर बांधकाम व्यावसायिकाला दिले होते. फिर्यादींचा मुलगा शहराबाहेर सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याजवळ त्यांनी एक फ्लॅट घेतला होता. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये हे चित्र जात नव्हते, जिन्याच्या वळणावर वळत नव्हते. म्हणून त्यांनी खरेदीदार शोधला. खरेदीदाराने पारख करायला एक तज्ज्ञ मुलगी पाठवली, मूळची पुण्याची. तिने बॅटरीच्या प्रकाशात चित्र तपासले आणि सांगितले की हे युरोपातले, बरोक शैलीचे जुने काम आहे. हा म्हातारा म्हणजे बायबलातला अब्राहाम, मुलगा इसहाक. देवाने बळी मागितला आणि अखेरच्या क्षणी देवदूताने हात धरला, तो प्रसंग. कपाळावरच्या थराविषयी ती म्हणाली होती, “काका, ते सहज निघेल. कापसाच्या बोळ्याने हळूहळू पुसतात.”

हे सांगताना गृहस्थांचा आवाज खाली गेला. “आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या देवाला नैवेद्य दाखवत होतों, सांगा पाहूं?”

मला त्या माणसाची कीव आली. चित्र गेल्याचे दुःख त्यांना होतेच. पण चित्र जाण्यापूर्वीच त्यांचे काहीतरी गेले होते, आणि त्याची फिर्याद घेण्यासाठी कायद्यात कलम नाही.

खरेदीदाराचा ट्रक यायच्या आदल्या दुपारी चित्र नाहीसे झाले. फिर्यादी निबंधक कचेरीत होते. घरात राहणारे दुसरे माणूस एकच, त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. त्या वेळी त्या देवळात गेल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे. मी घरातील चोरीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला आणि निरीक्षकांबरोबर महजर लिहायला गेलो.

निरीक्षक तरुण, हुशार आणि जिभेचे तिखट होते. त्यांनी कुलूप पाहिले, कड्या पाहिल्या आणि काहीही फोडलेले नाही हे तत्काळ जाणले. घराचे पुढचे दार दोन झडपांचे. रोजच्या जाण्यायेण्याला एकच झडप उघडतात. दुसरीची खिट्टी वर चौकटीत असते आणि ती आतूनच निघते. एका झडपेतून हे चित्र बाहेर पडणे अशक्य होते. निरीक्षकांनी अनुमान काढले की चोर या घराला चांगला ओळखतो. अनुमान बरोबर होते.

वहिनी खांबाला टेकून वाती वळत बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. निरीक्षकांच्या प्रश्नांना त्यांनी अस्खलित तमिळमध्ये थोडकी उत्तरे दिली. देवळात गेले होते, आले तेव्हा भिंत रिकामी होती, संशय कोणावरही नाही. मी त्यांना मराठीत विचारले की चित्राची पूजा कोण करत असे. त्या म्हणाल्या, “मीच. पण आता अस्के संपलें.” आमच्या तंजावरी बोलीत ‘अस्के’ म्हणजे सगळे. एवढे बोलून त्या वाती वळत राहिल्या.

खबर मिळाली ती एका फूलवालीकडून. चौकात सिग्नलला उभ्या राहणाऱ्या वाहनांना ती मोगऱ्याचे गजरे विकत असे. आमच्या गस्तीच्या शिपायाला तिने आपण होऊन सांगितले की त्या दुपारी एका टेम्पोतून ताडपत्रीखाली मोठी चौकट चालली होती, आणि ताडपत्री वाऱ्याने उडाल्यावर आत पंख आणि एक उघडे पाऊल दिसले. कोणत्या तरी उत्सवाला देवदूत निघाला असावा असे समजून तिने हात जोडले आणि एक गजरा आत टाकला. टेम्पोच्या मागच्या फळीवर निळ्या रंगात मासा रंगवलेला होता. पोलिसांना उपयोगी पडणारी माणसे अशीच असतात. ती पाळत ठेवत नाहीत; रस्त्यावर उभी असतात आणि जाणाऱ्याकडे पाहतात.

निळा मासा सापडायला वेळ लागला नाही. टेम्पोचालक चाळिशीतला, दणकट, गळ्यात क्रूस. चौकशीत कळले की त्याची आई अनेक वर्षे त्याच घरी भांडी घासत असे आणि त्याचे बालपण त्या घराच्या परसात गेले होते. निरीक्षकांना आता सर्व स्पष्ट दिसू लागले. ख्रिस्ती माणूस, चित्र बायबलाचे, घर माहितीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठाण्यात आणले. त्याची बायको पाठोपाठ आली आणि बाहेरच्या बाकावर पदर आवळून बसली.

चौकशीत मी लिहायला होतो. कोणी त्याच्यावर हात उगारला नाही. गरजच पडली नाही. निरीक्षकांनी पहिला प्रश्न विचारताच तो म्हणाला, “नेलं मीच, सार. लिहून घ्या.”

“कुठे ठेवलंस?”

“ते सांगणार नाही.”

“कोणाला विकलंस?”

“विकलं नाही.”

“दार कोणी उघडलं?”

“मीच उघडलं. सगळं मीच केलं. लिहून घ्या ना, सार.”

निरीक्षकांनी त्याला समजावले. संध्याकाळी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहशील, तिथून कोठडी. टेम्पो मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभा राहील. ऊनपावसात त्याचे टायर कुजतील. बाहेर बायको बसली आहे. माल कुठे आहे सांग, मी तुझ्या बाजूने लिहीन. त्याने मान खाली घातली, पण तोंड उघडले नाही.

इथे मी माझ्या अनुभवाची एक गोष्ट नमूद करतो. चोर चोरी नाकारतो आणि माल सापडल्यावर रडतो. हा माणूस चोरी अंगावर घेत होता आणि माल लपवत होता. जो स्वतःसाठी चोरतो तो असे वागत नाही. हे मी निरीक्षकांना सांगितले. ते हसून म्हणाले, “रायटर, तुम्ही पुस्तक लिहा. मला चित्र आणून द्या.”

दुपारी आरोपीसाठी हॉटेलातून जेवण मागवले. मी समोरच माझा डबा उघडायच्या बेतात होतो. तो भात जेवला, सांबारातले अख्खे छोटे कांदे वेचून खाल्ले, ताक प्यायला. परंतु चिरलेल्या घेवड्याची भाजी त्याने पानाच्या कडेला सारली आणि तिला बोट लावले नाही. बटाट्याच्या फोडींनाही नाही.

सामान्य माणसाच्या हे लक्षात येणार नाही. माझ्या आले, कारण त्या दिवशी श्रियाळषष्ठी होती. आमच्या तंजावरच्या काही घरांत या दिवशी विळी धरत नाहीत, सुरी उचलत नाहीत. घरात काहीही चिरायचे नाही. जे रांधायचे ते अख्खे. माझ्या बायकोने मला डब्यात दहीभात आणि अख्खी उकडलेली रताळी दिली होती.

मी विचारले, “भाजी का टाकलीस?”

“पोट बरं नाही, ऐय्या.”

“पोट बरं नसलेला माणूस कांदे वेचून खात नाही.”

 मी माझा डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने रताळ्यांकडे पाहिले, मग माझ्या नावाच्या पट्टीकडे, मग माझ्याकडे. सकाळपासून दगडासारखा बसलेला तो माणूस हळूच म्हणाला, “तुमच्या घरीपण असतं?”

“असतं,” मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. “पेरियम्मा जेवली नसेल,” तो म्हणाला.

पेरियम्मा म्हणजे तमिळमध्ये थोरली आई. त्या घरातल्या वहिनींना तो लहानपणापासून याच नावाने हाक मारत आला होता. त्यांना मूलबाळ नव्हते. षष्ठीच्या विधीला मात्र मूल लागतेच. थोरल्या सुनेने दारात उभे राहून ‘चिलया’ म्हणून हाक मारायची आणि मुलाने बाहेरून धावत यायचे, त्याशिवाय घरात कोणी जेवायचे नाही. धाकट्या जावेला, म्हणजे फिर्यादींच्या दिवंगत पत्नीला, तेव्हा मुलगा झालेला नव्हता. मग एका वर्षी वहिनींनी परसात खेळणाऱ्या भांडीवालीच्या पोराला दाराबाहेर उभे केले. पुढे पुतण्या झाला, मोठा झाला, शिकायला गेला. पण षष्ठीची हाक एकदा ज्याला गेली त्यालाच जात राहिली. हा माणूस रविवारी चर्चमध्ये जाई, त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे झाले होते. आणि दर श्रावणात तो त्या दारात चिलया होऊन धावत येई. याच्याखेरीज त्याने काही सांगितले नाही. चित्र कोणी दिले हे विचारल्यावर तो म्हणाला, “मी नेलं एवढंच लिहा, ऐय्या. ती दिराच्या घरात राहते. तिला चोर म्हणतील.”

मी तडक निरीक्षकांच्या खोलीत गेलो आणि सर्व क्रमाने निवेदन केले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “रायटर, रताळ्यावरून कोणाला सोडता येत नाही.” नंतर टोपी घातली. “न्यायालयात नेताना जीप त्या घरावरून जाईल. तेवढ्या वेळात काय विचारायचं ते विचारा.”

जीप घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. आरोपी मागे दोन शिपायांमध्ये बसला होता. मी एकटा आत गेलो. स्वयंपाकघरातून रांधलेल्या अन्नाचा वास येत होता. पाने मांडलेली नव्हती. फिर्यादी आरामखुर्चीत कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले की वहिनींनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेले नाही, आणि म्हणून तेही जेवलेले नाहीत. चित्र नाही, मूल नाही, आता षष्ठी कसली, असे त्यांनी किती वेळा सांगून पाहिले होते.

मी वहिनींसमोर उभा राहिलो. आयुष्यभर मी लोकांना प्रश्न विचारत आलो. तिथे मी विचारले काहीच नाही, फक्त सांगितले. “वैनी, टेम्पोवाल्याने सगळें आपल्या अंगावर घेतलें आहे. आता त्याला न्यायालयात नेतों आहोंत. तिथून कोठडी.”

त्यांचा हात वातीवर थांबला. “जेवला काय तो?”

“भात खाल्ला. भाजी टाकली.”

त्यांनी वळलेल्या वाती बाजूला ठेवल्या. मग खांबाचा आधार घेऊन उठल्या आणि दाराकडे निघाल्या. फिर्यादी दचकून म्हणाले, “वैनी, कुठे निघालां? भिंत रिकामी आहे. कोणापुढे बोलावतां?”

त्या वळल्या नाहीत. “भाऊजी, मी चित्राकडे तोंड करून कधीं बोलावलें? चांगुणा चित्रात नाहीच. सासूबाईंनी पहिल्या वर्षीच दाखवून दिलें होतें. राजा आहे, बाळ आहे, देवाचा दूत आहे, मेंढासुद्धा आहे. आई काढलेली नाही. तिची जागा दारात.”

हे ऐकून मी छायाचित्र आठवून पाहिले. खरोखरच त्या एवढ्या मोठ्या चित्रात आई कुठेही नव्हती.

त्या दारात उभ्या राहिल्या. रिकाम्या भिंतीकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. रस्त्यावर रिक्षा, स्कूटर, शाळेची बस यांचा गलबला होता. त्यांचा आवाज त्या ठेंगण्या देहाच्या मानाने मोठा निघाला.

“चिलया, ये रे बाळा. पान वाढलें आहे.”

जीपमध्ये त्या माणसाने मान वर केली आणि निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण त्यांनी खाली उतरून स्वतः मागचे दार उघडले. तो उतरला, रस्ता ओलांडला, फाटकापर्यंत चालत आला. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस. पण अंगणातली शेवटची काही पावले तो धावला. वहिनींनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पदराने त्याचा घाम पुसला.

मग त्या दिरांकडे वळून सरळ बोलल्या. “मी दिलें. वरची खिट्टी मी काढली, स्टुलावर चढून. यानें आणि याच्या मेव्हण्यानें उचललें. ती पुण्याची मुलगी म्हणाली ना, बाळाच्या कपाळावरचें कुंकू कापसाने पुसतील. माझ्या सासूनें लावलेलें, तिच्या सासूनें लावलेलें. तेवढें मला बघवलें नसतें.”

फिर्यादी खुर्चीतून पुढे वाकले. “मला कां नाही सांगितलें?”

“तुम्ही म्हणालांत, आपण कोणाच्या देवाला नैवेद्य दाखवत होतों. त्यावर मी काय सांगणार? मी देवाला कुठे दाखवत होतें, भाऊजी. लेकराला वाढत होतें.”

ते गृहस्थ उठले. मला वाटले आत निघून जातील. त्यांनी स्वयंपाकघरातून केळीची पाने आणली आणि रिकाम्या भिंतीखाली आपल्या हाताने मांडली. एक टेम्पोवाल्यासाठी, एक ठाण्याबाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोसाठी, तिला बोलावणे पाठवून. मग निरीक्षकांना आणि मला म्हणाले की या दिवशी अतिथीवाचून पान पुरे होत नाही. निरीक्षक गणवेशातच मांडी घालून बसले. अख्खी वांगी आणि अख्खी रताळी पाहून त्यांनी मला तमिळमध्ये विचारले की तुमच्या या कथेत अतिथी नेमके काय मागतो. मी म्हणालो, “जेवण झाल्यावर सांगतो, सार.”

राहिले कायद्याचे काम. थोरल्या भावाच्या वाट्याची वारस या नात्याने वहिनी त्या चित्राच्या सहमालक होत्या. त्यांनी ते ठेवायला दिले, म्हणजे चोरी घडलीच नव्हती. अशा वेळी आमच्याकडे ‘वस्तुस्थितीविषयी गैरसमज’ असे नोंदवून गुन्हा बंद करण्याचा अहवाल जातो. चित्र टेम्पोवाल्याच्या चर्चच्या सभागृहात सुखरूप मिळाले, भिंतीला टेकवलेले, वर सुती चादर. एका म्हाताऱ्या बाईची अमानत आहे, कपाळाला हात लावायचा नाही, एवढेच त्याने तिथल्या फादरांना सांगितले होते. फूलवालीचा सुकलेला गजरा चौकटीत अडकलेला होता.

फिर्यादींनी खरेदीदाराला नकार कळवला. चित्र त्या सभागृहातच राहिले; दीर-भावजय दोघांच्या सहीचे संमतिपत्र मीच लिहिले. अब्राहाम म्हणून तिथले लोक त्याला हात जोडतात, आणि वर्षातून एकदा टेम्पो सिरुसेरीला जाऊन वहिनींना घेऊन येतो. मी एकदा षष्ठीला मुद्दाम गेलो होतो. सभागृहाच्या दारात त्या उभ्या होत्या आणि शेजारी फिर्यादी, वाढलेले पान हातात धरून. फादर बाजूला उभे होते. मी विचारले की कुंकवाला तुमची हरकत नाही काय. ते म्हणाले, “मुलगा वाचला आहे, रायटर. कोणी टिळा लावला तर मी कशाला पुसू?”

या प्रकरणाने मला जे शिकवले ते मी रोज वापरतो. तालुका कचेरीसमोर माझ्याकडे माणूस अर्ज घेऊन येतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात वस्तूंची नावे असतात: जमीन, दागिना, घर, भांडे. ती मी लिहितो. पण लेखणी उचलण्यापूर्वी त्याला विचारतो की आज जेवलात काय, आणि घरी कोण जेवायचे राहिले आहे. पुष्कळदा खरी फिर्याद त्या उत्तरात असते. मग अर्ज वेगळा लिहावा लागतो, आणि कधी कधी लिहावाच लागत नाही.

गुन्हा बंद करण्याच्या अहवालात वस्तुस्थिती कशी निष्पन्न झाली हे नमूद करणे बंधनकारक असते. त्या रकान्यात मी लिहिले: “फिर्यादीच्या भावजयीने आरोपीस मुलगा म्हणून हाक मारली व आरोपी आला.” निरीक्षक म्हणाले की हे वाक्य न्यायालयात टिकणार नाही, खोडा. मी खोडले नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अहवाल वाचला, त्या ओळीवर थोडे थांबले, आणि खाली सही केली. सेवेत मी हजारो वाक्ये लिहिली असतील. त्या एकात मला अजूनही एक शब्द बदलावासा वाटत नाही.